आत्याच्या हातची पहिली हळद

भाच्याच्या लग्नाचं आवतण फोनवर मेसेजनं आलं, तेव्हा बाईजानं फोन पालथा घातला. शहापूरहून इथं वैशाखऱ्याला यायला रघूचे पाय झिजणार होते काय? सख्खा भाऊ! नवऱ्याला पहिली हळद आत्या लावते, आणि आत्याला दारात येऊन, हातावर अक्षत ठेवून बोलवायचं असतं. आवतण तोंडानं देतात, बोटानं नाही.

चार दिवसांनी नवरदेव स्वतःच मोटारसायकलवरून आला. खिडकीतून स्वरूपला पाहून बाईजा हरखली. पण हाकेसरशी बाहेर गेली तर मान काय राहिला? ती माजघरात सरकली.

"कुणाली, सांग त्याला, आत्या मुरबाडला बाजाराला गेलीय. जरा विनवू दे."

सुनेनं सांगितलं. पण हल्लीच्या पोरांना विनवायला वेळ आहे कुठं?

"मग जाता जाता तिथंच गाठतो," म्हणून त्यानं किक मारली.

"गेला गो?"

"गेला, आई. तुमालाच शोधायला."

झाली का पंचाईत! बाईजानं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि मिळेल त्या जीपनं मुरबाड गाठलं. स्टँडवर स्वरूप तिची चुलत बहीण कमळ हिच्याशी बोलत उभा होता.

"आत्या! गावली एकदाची. घे अक्षत. बाबा बोलले, आत्याच्या हातातच दे."

हात पुढे करायचा, एवढंच काम होतं. पण चार माणसं बघत होती आणि बाईजाची मान ताठ झाली.

"रस्त्यात आवतण घ्यायला मी काय भिकारीण हाय? दारात ये."

"दारातूनच आलो ना! आता कसाऱ्याला मामाकडं जायचाय. टाइम नाय गो."

"मग नको मला. जा!"

कमळनं पदर पसरला. "मला दे रे बाबा. मी पन तुझी आत्याच."

अक्षत कमळच्या पदरात पडली. हळदीच्या दिवशी बाईजा दिवसभर ओट्यावर बसून होती. रस्त्यानं जीपा गेल्या, थांबली एकही नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कमळ पहिल्या हळदीची मानाची साडी दाखवायला आली. बाईजानं काठ चिमटीत धरून पाहिला.

"सूत जाडं हाय."

"असू दे. मान मोठा हाय."

बाईजानं चहा ठेवला. कधी नव्हे ते दूधही जास्त घातलं. कप पुढे सरकवत ती चुलीकडे बघून म्हणाली, "माझं नाव कोनी काढलं का गो तिथं?"

"नाय गो. एवढ्या गर्दीत कोनाला सुचतं?"

कमळचा कप रिकामा व्हायच्या आत बाईजानं तो पुन्हा भरला.

"रघूनं पन नाय?"