रज्जाकभाईंचा अडखळता लॅपटॉप

केजच्या बाजारात रज्जाकभाईंसमोर ‘चालत नाही’ म्हणायची सोय नव्हती. रेडिओ न्या, टीव्ही न्या, मिक्सर न्या, हात लावायच्या आधी चष्म्यावरून बघत विचारणार, "कावून चालत न्हाई?" अहो, ते कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो! एकदा अंबाजोगाईची एसटी आली नाही, तर या गृहस्थाने कंट्रोलरला ‘कावून’ विचारून विचारून पिडलं. त्याने शेवटी चहा पाजून यांना कटवलं.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या शेजारीच. त्यामुळे हा सगळा ताप माझ्याच माथी.

गल्लोगल्ली एसटीडीची बूथं झाली, त्यानंतरची ही गोष्ट. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आपांचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता. त्याने मामाला एक जुना लॅपटॉप पाठवला आणि आईसाठी एक सीडी. लॅपटॉपात विंडोजऐवजी लिनक्स. "फुकट हाय, पन चोरीचं न्हाई," भाई छाती काढून सांगायचे. टोमणा मला होता. माझ्या कॉम्प्युटरातलं विंडोज कुठून आलं, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं.

सीडीवर मुलाने स्वतःची काढलेली फिल्म होती. पण ती अडखळत चालायची. हात वर दिसला की एकदम खालीच.

"चित्राची चिप येगळी असती," भाईंनी मला समजावलं. "तिला चालवनारा प्रोग्राम, म्हंजी तिचा ड्रायव्हर न्हाई, म्हणून ती बसलीय निवांत. अन प्रोसेसर बिचारा एकटाच समदं चित्र काढतोय. लई दमतोय."

"ड्रायव्हर पाहिजे तर जीपस्टँडवर बघा की," मी म्हणालो. दोन दिवस बोलले नाहीत.

मग ते बीडला गेले आणि इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवून तीन फ्लॉप्यांवर घेऊन आले. आणल्या आणि ठेवल्या कुठे? स्पीकरवर! तीस वर्षं स्पीकर उघडणारा माणूस, आतल्या लोहचुंबकाचा याला विसर पडावा! तिन्ही फ्लॉप्या पुसल्या गेल्या. मी पोट धरून हसलो. भाई परत बीडला. या खेपेला ड्रायव्हर दुसऱ्याच चिपचा निघाला.

"माझ्या दुकानात लावा ना ती सीडी, दोन मिनिटांचं काम," मी वैतागलो.

"चोरीच्या मशीनवर आपाला पोरगा दाखवू व्हय? न्हाई दाखवनार!"

"मग अडखळत बघू द्या. समजतंय की थोडंफार."

भाई भडकले. "थोडंफार?"

आपांना जन्मापासून ऐकू येत नाही. बहीण-भावाने लहानपणी हातांची एक बोली घरातच तयार केलेली. जगात ती तिघांनाच येते, या दोघांना आणि त्या मुलाला.

"येनार अन येनार न्हाई, यात फकस्त मनगटाचा एक झटका," भाई म्हणाले. "झटका दिला की न्हाई. अन हितं तोच गायब! पोरगं ईदला येतंय का, आपाला कळंना. अख्खं घर हसत बसतं, ती इचारती काय झालं, तर म्हन्तेत ‘कुछ नहीं’. जिंदगीभर थोडंफारच भेटलंय तिला. पोराचं बोलनं तरी पुरं भेटू द्या!"

आपा दिसल्या की मीही नुसती मान हलवून सटकायचो. फार लाज वाटली.

भाई तिसऱ्यांदा बीडला गेले. या वेळी चिपचं नाव कागदावर लिहून नेलं होतं. आठवडाभर डोकं घातलं आणि एका दुपारी फिल्म सरळ चालली. त्यांनी आपांना बोलावलं, मलाही. मुलाचे हात हलत होते. शेवटी त्याने मनगटाला झटका दिला, अगदी स्पष्ट.

आपा तशाच बसून राहिल्या.

"आधी फोन करून विचारायचं होतं त्याला," मी हळूच म्हणालो.

"इचारलंतं. पयल्याच दिवशी. सुट्टी न्हाई मिळाली."

"अहो, मग एवढी खटपट?"

"त्यानं आईला सांगितलंय. मी कोन मधी?"

आपांनी डोळे पुसले, स्क्रीनकडे बोट केलं आणि हातांनी काहीतरी म्हणाल्या.

"बारीक झालाय म्हन्ती," भाई म्हणाले. "मला तर दिसलंच न्हाई."

त्यांनी पुन्हा फिल्म लावली. आपा आता दोन्ही हातांनी मुलाला रागवत सुटल्या. भाईंनी घाईघाईने कागद ओढला आणि फोनवर सांगण्यासाठी एकेक शब्द उतरवायला लागले. हात लिहिण्यात गुंतलेले, म्हणून तोंडानेच विनवत होते, "आपा, हळू. आपा, हळू बोल जरा."