पिंगळे काकांची स्कूटर आणि हिरवा चौकोन

पिंगळे काका लिफ्ट देतात तेव्हा ते लिफ्ट देत नसतात, ते तुमचं वजन करत असतात. हे कळायला मला दोन वर्षं लागली, म्हणून तुम्हाला आधीच सांगून टाकते.

काका आमच्याच सोसायटीत, इंदिरानगरला, तळमजल्यावर एकटे राहतात. सिन्नर रोडच्या एका वजनकाट्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. कांद्याचे ट्रॅक्टर, वाळूचे ट्रक, सगळं त्यांच्या खिडकीसमोरून गेलंय. रिटायर झाले, पण हात शिवशिवतात. सकाळी आठला राखाडी स्कूटर घेऊन गेटपाशी उभे. कोणी घाईत दिसलं की, "बस, सोडतो." तुम्ही बसलात की काका दोन सेकंद गप्प. मग निकाल.

"जोशीबाई, डावा गुडघा दुखतोय ना? उजवीकडे कलून बसलाय."

"निखिल, नाश्ता न करता निघालास. मागे नुसती सॅक बसलीय."

आणि बरोबर निघतं हो. जोशीबाई तर म्हणतात, डॉक्टरकडे जायच्या आधी मी पिंगळ्यांच्या मागे बसून येते.

उंची-वजनाच्या तक्त्याचं नाव काढलं की काका पेटतात. "उंचीतून शंभर वजा केले की माणूस कळतो होय? ओला कांदा काट्यावर जास्त भरतो, म्हणून तो चांगला झाला का? काटा किती ते सांगतो. आत काय आहे ते गाडी सांगते."

गाडी मात्र भयंकर. मागची सीट म्हणजे पाटच. खडा आला तरी आपण वर, खड्डा आला तर विचारूच नका. आणि प्रत्येक स्पीडब्रेकर गेला की काका मान न वळवता विचारतात, "टेकली का?" म्हणजे स्कूटर खाली घासली का. सगळे म्हणतात, नाही टेकली. काका "बरं" म्हणतात आणि पुढे जातात. आम्ही यावर खूप हसायचो.

तरी मला त्यांच्या मागे बसायला आवडतं. थंडीत गंगापूर रोडला धुकं असतं, झाडं अर्धीच दिसतात, चहाच्या टपरीची वाफ आणि धुकं एकच होऊन जातं. डोळे मिटले की आपण कुठे चाललोय तेच कळत नाही, बरं वाटतं.

तर झालं असं, की आमच्या ऑफिसात हेल्थ कॅम्प झाला. भिंतीवर मोठा तक्ता, लाल, पिवळे, हिरवे चौकोन. मी लालमध्ये. सगळ्यांसमोर. मग काय, पोळी बंद, भात बंद, रात्री काकडी. आई रोज बडबडायची, मी रोज आकडा बघायचे. चार महिन्यांनी हिरव्या चौकोनात आले. फोटो काढला, सगळ्या ग्रुपवर टाकला, वॉचमनलासुद्धा दाखवला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या मागे बसले. काका निघेचनात.

"काका, चला ना."

"बसलीस?"

"केव्हाची."

"मला कळलंच नाही."

मी इतकी खूश झाले की विचारू नका. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट काय असणार.

पण गंगापूर रोडला काकांनी टपरीपाशी गाडी थांबवली. असं ते कधी करत नाहीत. दोन चहा सांगितले, आणि माझ्यासाठी क्रीमरोल.

"सई, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते का?"

"नाही." येत होती. जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पण हिरव्यात आल्यावर हे कोणाला सांगणार?

काका कपाकडे बघत बोलले. "तुझी मंदाकाकू जन्मभर लालमध्ये. डॉक्टर ओरडायचे, मी चिडवायचो, ती हसायची. मग एका वर्षी आपोआप हिरव्यात आली. मी सोसायटीत पेढे वाटले. तू लहान होतीस, तू दोन खाल्लेस."

मला पेढे आठवत होते. कशाचे ते माहीत नव्हतं.

"सोमेश्वरच्या अलीकडचा ब्रेकर आहे ना, तिथे ती मागे असली की गाडी घासायचीच. त्या आठवड्यात नाही घासली. मला कळलं होतं गं. गाडीने सांगितलं होतं. पण तक्ता म्हणाला, उत्तम. मी तक्त्याचं ऐकलं." चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटाने बाजूला केली. "सहा महिने उशीर झाला."

धुक्यातून एक बस गेली, नुसते दिवे.

मी क्रीमरोल खाल्ला. त्याच दुपारी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन इतकं खाली की डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. आता गोळ्या सुरू आहेत आणि आई सूड घेतल्यासारखी भाकरी वाढते. मी परत पिवळ्यात गेलेय आणि जिना कठडा न धरता चढते.

गेल्या आठवड्यात काकांबरोबर गॅरेजला गेले होते. मेकॅनिक मागून स्कूटर दाबून बघत म्हणाला, "काका, शॉकअप फुल टाईट करून ठेवलाय. एवढं जड कोण बसतं मागे? सैल करून देतो, पोरीची कंबर जाईल."

"राहू दे," काका म्हणाले. "मंदासाठी टाईट केला होता. आहे तसा असू दे."

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला चालतं.

येताना काका मुद्दाम सोमेश्वरवरून आले. तो ब्रेकर आला. काकांनी गाडी इतकी हळू केली, जणू मागे भरलेली घागर आहे. तरी मी चेंडूसारखी उडाले आणि खाली आले.

"टेकली का?"

"किंचित," मी म्हटलं. "किंचित टेकली, काका."

पुढचा ब्रेकर काकांनी त्याहून हळू घेतला.