कोंडबाकाकांची तकलीफ

कोंडबाकाकांना आजवर जेवढे आजार झाले, तेवढे झालेल्या माणसानं जिवंत राहणं म्हणजे सरळसरळ आगाऊपणा आहे. सोमवारी गुडघे, गुरुवारी खोकला, पुढच्या सोमवारी हातापायाला खरूज. आणि स्वतः गडी असा ठणठणीत, की माळावर त्यांच्यापुढं शेळ्यांना धाप लागते.

हे मला माहीत, कारण आमच्या गोरेगावच्या ग्रामपंचायतीतलं स्मार्ट आरोग्य यंत्र मी चालवतो. शहरात नवीन यंत्रं आली, तेव्हा त्यांचं जुनं आमच्या वाट्याला आलं. अंगठा टेकवायचा, तो जुळला की पडद्यावर डॉक्टर येतो, तकलीफ ऐकतो, आणि गोळ्या मी द्यायच्या. नाही जुळला तर लाल दिवा, विषय संपला. आता आमच्याकडं हळद काढून, शिजवून, घासून निम्म्या बायांचे अंगठे गुळगुळीत झालेले. यंत्र त्यांना ओळखतच नाही. मी वर कळवलं. वरून उत्तर आलं, अंगठा स्वच्छ धुऊन लावावा. धुवा आता!

काकांचा अंगठा मात्र पहिल्या झटक्यात लागायचा. शेळ्या राखणाऱ्याचा अंगठा, त्याला काय झालंय! मग टोपी काढून मांडीवर, पडद्याला रामराम, आणि घरून आणलेला चहाचा कप यंत्रासमोर. "पाहुणा हाय. कोरडं कसं बोलावं?" पाहुणा पीत नाही म्हटल्यावर शेवटी स्वतःच प्यायचे. नंतरची सुरुवात ठरलेली. "तकलीफ अशी हाय, सायेब..."

एकदा डॉक्टरनं विचारलं, "खोकला कधीपासून आहे?"

काका खिडकीकडं वळून ओरडले, "कवापासनं गं, काशे?"

बाहेरून शेजारच्या काशीबाईचा आवाज आला, "पोळ्यापासनं!"

"पोळ्यापासनं हाय, सायेब," काका शांतपणे म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काका अख्ख्या गल्लीचे आजार स्वतःच्या अंगठ्यावर आणून राहिले होते. डॉक्टर दर वेळी नवा, त्याला काय पत्ता! मी चिडून म्हणालो, "काका, हे नियमात बसत न्हाई."

"यंत्रात काशी बसत न्हाई, त्याचं काय?"

मी खोकल्याच्या गोळ्या मोजायला घेतल्या.

मागच्या महिन्यात काका आले ते चहा न घेताच. रांगेत गर्दी होती, पडद्यावर बाई डॉक्टर. काका टोपी चुरगाळत म्हणाले, "तकलीफ अशी हाय, मॅडम... मला अंगावरून लाल जाऊन राहिलं. पाळी तर कवाचीच बंद झाली."

रांग अशी हसली की काय सांगावं! मीही पोट धरून हसलो. काका हसले नाहीत. "हसू द्या त्याह्यला. तुमी इचारा, मॅडम."

मॅडमही हसल्या नव्हत्या. किती जातं, पोटात दुखतं का, जेवण तुटलंय का, त्या एकेक विचारत गेल्या आणि तो म्हातारा माणूस मान खाली घालून एकेक सांगत गेला.

"काका, त्या कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

काकांची बायको, गंगाकाकू, बाहेर लिंबाखाली उभी होती, पदर तोंडाला लावून. सगळा जन्म हळदीत गेलेली बाई. यंत्रानं तिला कधी आत घेतलंच नव्हतं.

"तुमचा अंगठा लागलाय ना? मग आता खुर्ची त्यांना द्या," मॅडम म्हणाल्या.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. त्या दोघीच बोलल्या. मग मॅडमनी मला बोलावून सांगितलं, आजच हिंगोलीच्या दवाखान्यात न्या, तपासणी करावीच लागेल, उशीर नको.

रस्त्यावर जाऊन मी जीप थांबवली. "तुमी शेळ्याकडं बघा, मी येते जाऊन," काकू म्हणाल्या, तर काका त्यांच्यावरच खेकसले. मग एक पाय जीपमध्ये ठेवून मधेच थांबले आणि माझा दंड धरला.

"लेका," काकूंना ऐकू जाऊ नये अशा बेतानं ते म्हणाले, "सगळ्याची तकलीफ सांगितली म्या. पन मला लई भ्याव वाटून राहिलं, हे कोनाला सांगू?"

मी पंचायतीला कुलूप घातलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.