एक शिफ्ट चालणारा लॅपटॉप

आमच्या सोसायटीतले देवरे काका शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, व्हर्नियर ठेवतात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात लोखंडी पार्टची जाडी मोजायचं, पट्टीला जबडे फुटल्यासारखं दिसणारं हत्यार. सातपूरच्या एका कारखान्यात काका तेहेतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. ते रिटायर झाले, व्हर्नियर झाला नाही. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्यांनी बशीतलं बिस्कीट आधी मोजलं आणि मग माझ्यापुढे केलं.

"अर्धा एमएम कमी हाय," ते म्हणाले. "पण खा तू."

त्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं. "छापलेलं वाचायचं नाय, मोजायचं." उदबत्तीच्या पुड्यावर पंचेचाळीस मिनिटं लिहिलं होतं. काकांनी देवाला नमस्कार केला आणि घड्याळ लावलं. अडतिसाव्या मिनिटाला उदबत्ती विझली. काकांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि पुरावा म्हणून राख पाकिटात घालून पाठवली. कंपनीने घाबरून सहा पुडे भेट पाठवले. काकांनी तेही जाळून पाहिले आणि दुसरं पत्र लिहिलं.

वस्तू पसंत पडली की काका तिच्यावर हिरवा ठिपका देतात, नापास झाली की लाल फुली. आमच्या जिन्याच्या कठड्यावर अशीच एक लाल फुली आहे. ती बघून नवे पाहुणे भिंतीला चिकटून वर येतात.

मी कॉलेजात ग्रंथपाल. छापलेल्यावरच माझं पोट चालतं, म्हणून काका मला 'कागदी माणूस' म्हणतात. तरीही एका सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले.

"अविनाश, लॅपटॉप घ्यायचाय. लय वेळ चालणाऱ्या बॅटरीचा. तू इंग्रजी वाच, मी मोजतो."

"किती वेळ चालायला हवा?"

"एक शिफ्ट. आठ तास. वर जाता-येता बसचा दीड तास. साडेनऊ धर."

लॅपटॉपला बसचा दीड तास कशाला, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की लॅपटॉप रशीदभाईंसाठी होता.

रशीदभाई म्हणजे काकांच्या कारखान्यातले लेथवाले. त्यांनी बनवलेले पार्ट काका तपासायचे आणि निम्मे परत पाठवायचे. या भांडणातून जी दोस्ती झाली ती तीस वर्षं कंपनीच्या बसमध्ये एका सीटवर बसून आली-गेली. रशीदभाई बस सुटताना बोलायला लागायचे आणि संध्याकाळी बस थांबली की थांबायचे. काका ऐकायचे. दीड वर्षापूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये रशीदभाईंचा आवाज गेला. फोनवर लिहावं तर कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये त्यांच्या दोन बोटांची पेरं गेलेली, उरलेली बोटं केळ्यांएवढी. मग मुलाने त्यांना एक जुना लॅपटॉप दिला. त्यावर मराठी लिहिलं की तो बोलून दाखवतो.

त्यात मराठी आवाज एकच होता आणि तो एका गोड तरुण मुलीचा होता. सदुसष्ट वर्षांचे दाढीवाले रशीदभाई दोन हातांनी टकटक करायचे आणि आतून ती मुलगी नाजूक आवाजात म्हणायची, "अबे देवरे, तुझ्या डोक्यात गंज चढलाय."

दर रविवारी सातपूरला एका चहाच्या गाडीजवळ, कडुलिंबाखाली, कारखान्यातल्या रिटायर मंडळींचा कट्टा भरतो. तिथे ती मुलगी फार लोकप्रिय झाली होती. फक्त जुन्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांची होती आणि चहाच्या गाडीला प्लग कुठला असणार! एका रविवारी मुलगी वाक्याच्या मध्येच गप्प झाली. कोणीतरी म्हणालं, "छोकरी झोपली!" सगळे हसले. रशीदभाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी गेले. त्यानंतर सहा रविवार ते कट्ट्यावर आले नव्हते. "नवीन घेतो, काका, फक्त तुम्ही पास करा," असं त्यांचा मुलगा म्हणाला होता.

"पण कट्टा तर जेमतेम चार तासांचा," मी म्हणालो. "साडेनऊ तास कशाला?"

काका म्हणाले, "माणसाला शिफ्टभर बोलायची सवय हाय. बॅटरीकडे बघत बघत बोलला, तर ते बोलणं नाय. घड्याळ लावून जेवल्यासारखं हाय ते."

स्वतः घड्याळ लावून जेवणारा माणूस हे म्हणत होता. मी निमूटपणे हो म्हणालो.

आठवडाभर मी परीक्षणं वाचली आणि शनिवारी आम्ही महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात गेलो. मालक पंकजशेठ उत्साही माणूस. त्यांनी पहिल्याच फटक्यात खोका फिरवून दाखवला.

"काका, अठरा तास बॅकअप. हे बघा, छापलंय!"

मी डोळे मिटून घेतले.

"कोणी मोजले?" काकांनी विचारलं.

"कंपनीने."

"ज्याने बनवलं त्यानेच तपासलं? आमच्यात असल्याला घरी बसवायचे."

मग काकांनी अटी सांगितल्या. तीन लॅपटॉप एका वेळी लावायचे. कट्ट्यावर ऊन असतं म्हणून स्क्रीनचा उजेड पूर्ण. सातपूरला ट्रक वाजतात म्हणून आवाज पूर्ण. आणि मशीनने पूर्ण वेळ मराठी वाचायचं. पंकजशेठ हसले, पण काकांनी पिशवीतून घड्याळ, वही आणि भाकरीचा डबा काढला तेव्हा हसायचे थांबले.

वाचायला काहीतरी लांबलचक आण, असं काकांनी मला बजावलं होतं. माझ्याकडे टाइप केलेलं लांबलचक एकच होतं, आमच्या ग्रंथालयाची नियमावली. दहा वीसला तीन मुलींनी एकदम सुरुवात केली. एकीचा वेग जरा जास्त होता, त्यामुळे एक म्हणायची "पुस्तकाचे पान दुमडू नये", तेव्हा दुसरी ओळखपत्र मागत असायची आणि तिसरी छत्र्या बाहेर ठेवायला सांगायची. नियम संपले की पुन्हा पहिल्यापासून. बारा वाजेपर्यंत दुकानातली माणसं ग्राहकांशी हळू आवाजात बोलायला लागली होती. एका बाईंनी तर चप्पल बाहेर काढून मग माउस मागितला.

मी निवडलेला लॅपटॉप सडपातळ आणि चकचकीत होता. सव्वादोनला तो "वाचकांनी शांतता" एवढं बोलला आणि बंद पडला. काकांनी वहीत वेळ लिहिली. माझ्याकडे बघितलंही नाही, हे त्यांचे उपकार.

मला खरं आश्चर्य मशीनचं वाटत नव्हतं, काकांचं वाटत होतं. पाठ टेकायला जागा नसलेल्या स्टुलावर हा अडुसष्ट वर्षांचा माणूस ताठ बसून होता. डबा त्यांनी मांडीवर घेऊन खाल्ला, नजर पडद्यावर. एकदाच लघवीला गेले, तेही मला जागेवर बसवून आणि "पापणी कमी हलव" असं सांगून. मी पंचवीस वर्षं वाचनालयात माणसं बघतोय. परीक्षेच्या आदल्या दिवशीही इतकं मन लावून बसलेलं कोणी मी पाहिलेलं नाही. त्या बैठकीपुढे मला माझी आठवडाभराची परीक्षणं फार पोरकट वाटली.

साडेचारच्या सुमाराला दुसरा लॅपटॉप गेला. आता एकच उरला, जाडजूड, राखाडी, जेवणाच्या डब्यासारखा. गर्दी नव्हती. मी विचारलं, "काका, त्या दिवशी रशीदभाईंचं कुठलं वाक्य अर्धं राहिलं?"

काकांनी व्हर्नियर खिशातून काढला, उघडला, मिटला.

"ती मुलगी म्हणाली, 'देवरे, भाभी गेली तेव्हापासून तू'. आणि बंद पडली."

भाभी म्हणजे काकांच्या पत्नी, सुमनकाकू. त्यांना जाऊन तेव्हा दोन दिवाळ्या झाल्या होत्या. काकू सटाण्याकडच्या, आमच्याशी मराठी आणि रागावल्या की अहिराणी बोलायच्या. त्या गेल्यावर आठव्या दिवशी काका जिन्यात कठडा हलवून बघत होते. ती लाल फुली त्याच दिवसाची आहे. तेव्हापासून त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी ऐकलेलं नव्हतं.

"मग घरी जाऊन विचारायचं ना त्यांना. घरी तर प्लग आहे," मी म्हणालो.

"रोज जातो घरी. घरी तो घरच्यासारखं बोलतो. चहा घे, गोळी घेतली, नातू पास झाला. ते वाक्य नाय काढत. आणि मी कसं विचारू? माझ्याबद्दल काय म्हणत होतास ते पुरं कर, असं?"

राखाडी डब्यातली मुलगी एकटीच छत्र्या बाहेर ठेवा म्हणत राहिली.

सात पन्नासला साडेनऊ तास पुरे झाले तेव्हा ती अजून बोलतच होती. बॅटरी सहा टक्के शिल्लक. पंकजशेठनी आणि दुकानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. काका उठले, गुडघे कडकड वाजले. लॅपटॉपच्या झाकणाच्या कोपऱ्यात त्यांनी हिरवा ठिपका दिला, मगच तो खोक्यात घालू दिला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर मुद्दाम कट्ट्यावर गेलो. रशीदभाईंना मुलाने आणून सोडलं. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, ठिपका पाहिला आणि टकटक केली.

"तीस साल में पहिल्यांदा देवरेने माझं काही पास केलं," मुलगी गोड आवाजात म्हणाली.

कट्टा खदखदून हसला. सहा रविवारांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. सुपरवायझरांच्या नकला झाल्या, कॅन्टीनच्या पातळ डाळीची आठवण झाली, काकांच्या लाल पेन्सिलीचा उद्धार झाला. काका हसत होते, पण त्यांचे कान दुसरीकडेच होते. तास-दीड तास झाल्यावर रशीदभाईंनी काकांकडे बघितलं आणि हळूहळू, एकेक बटण शोधत लिहिलं.

"त्या दिवशी माझं राहिलं होतं. देवरे, भाभी गेली तेव्हापासून तू रोज माझ्या घरी येतो. माझा घसा, माझी गोळी, माझी मशीन. भाभीचं नाव एकदा पण नाही घेतलं. तीस साल मी बोललो, तू ऐकलं. आता तू बोल."

एवढं म्हणून रशीदभाईंनी लॅपटॉप मिटला आणि झाकणावर हात ठेवला.

"अरे, अजून आठ तास हाय त्याच्यात!" काका कळवळून म्हणाले.

रशीदभाईंनी मान हलवली. हात काढला नाही.

काकांनी व्हर्नियर काढला, उघडला आणि त्याच्या जबड्यांकडे बघत बोलायला लागले.

"लग्नानंतर नवव्या दिवशी मी हिच्या भाकरीला हा लावला होता. कडेला दोन, मध्ये तीन. ती म्हणाली, 'हाई काय शे?' मी म्हणालो, जाडी सारखी नाय. तिने भाकरी उचलून गाईला घातली आन् तीन दिवस बोलली नाय माझ्याशी."

मंडळी हसली. काकाही हसले.

"चौथ्या दिवशी ताट पुढे ठेवलं आन् म्हणाली, मोजा. मोजली. चारी बाजूंनी सारखी. त्यानंतर मी कधी मोजली नाय. चाळीस वर्षं." काकांनी व्हर्नियर मिटला. "रोज तशीच यायची रे, रशीद. रोज. एखाद दिवशी मोजून सांगायला पाहिजे होतं तिला. ती वाट बघत असंल."

रशीदभाईंनी दुसरा हात काकांच्या गुडघ्यावर ठेवला. काका बोलत राहिले. लग्नाचं, सटाण्याच्या बाजाराचं, दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्याचं. चहावाल्याने न विचारता दोनदा चहा दिला. सावली झाडाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली, लोकांना घरून जेवायला फोन आले, ते कोणी घेतले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी लपवलंही नाही.

परतताना काका माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, "किती वेळ बोललात, काका?"

त्यांनी सवयीने मनगट वर केलं, मग तसंच खाली घेतलं.

"नाय पाहिलं," ते म्हणाले.