सर्वांना सर्व परवानग्या

कॉम्प्युटर माझ्या मुठीत आहे, असं मी त्या सकाळी वाचनालयाच्या पायरीवर उभा राहून जाहीर केलं. जन्मभर विड्या वळलेली बोटं ही! तंबाखूचा चुरा पानात बसवणाऱ्याला पडद्यावर अक्षरं बसवणं काय जड?

मी कोरन, गाव मला कोरेट्टा, म्हणजे कोरनदादा, म्हणतं. आमच्या केरळात, कण्णूरकडे, गाव तिथे वाचनालय, आणि वाचनालय तिथे समिती. आमच्या वाचनालयाची स्मरणिका निघणार होती आणि तीत माझा लेख होता, चिरुतावर. चिरुता माझी बायको. साक्षरता वर्गाला आधी ती गेली, मग मला ओढत घेऊन गेली. ती वारल्यावर हा पहिलाच लेख लिहिला. त्यात ती मासळीवाल्याशी भांडत होती, माझी विडी हिसकून चुलीत टाकत होती, अंगणात उभी राहून मला शिव्या घालत होती. थेट तीच! शेवटची ओळ तेवढी राहिली होती.

ती लिहिली आणि जतन करायला गेलो, तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही! बायको माझी, लेख माझा, आणि परवानगी नाही!

शारजाला लेकीला, शैजाला, फोन लावला.

"बाबा, सरोजिनी टीचरनी मागे फायली हलवल्या ना, तेव्हा प्रशासक म्हणून हलवल्या. म्हणून त्या आता प्रशासकाच्या मालकीच्या झाल्यात. मी एक आज्ञा सांगते, काळ्या खिडकीत टाका. तेवढी फाईल तुमच्या नावावर होईल. दुसऱ्या कशाला हात लावू नका हं!"

पण प्रशासकाचा पासवर्ड सचिवांकडे, म्हणजे टीचरांकडे. आणि समितीला विचारल्याशिवाय टीचर पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत. झालं! संध्याकाळी बैठक बसली. बिनदुधाचा चहा आला.

"कोरेट्टाच्या नावावर?" अध्यक्ष भास्करन माश, म्हणजे मास्तर, खुर्चीतून अर्धे उठले. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, आवाज अजून वर्गाचाच. "वाचनालयाची फाईल एका माणसाच्या नावावर? ही तर खासगी मालमत्ता!"

"माशे, लेख माझा आहे."

"यंत्र जनतेचं आहे!"

टीचरनी शांतपणे समजावलं, की यंत्राच्या लेखी माणसं तीन प्रकारची असतात: मालक, गट आणि इतर. कुणी वाचायचं आणि कुणी लिहायचं, ते प्रत्येकासाठी वेगळं ठरवता येतं.

"मालक, गट आणि इतर!" माशांचा चष्मा नाकावरून घसरला. "यंत्रातसुद्धा वर्ग? आणि आपण त्याच्यासमोर बसून चहा पितोय?"

"उपाय आहे," खजिनदार बालन म्हणाला. त्याने कुठेतरी वाचलं होतं. "सात-सात-सात असा आकडा टाकायचा. मालक, गट, इतर, सगळ्यांना सगळ्या परवानग्या!"

"ठराव मांडा!"

"या एका फायलीपुरता ना?" मी विचारलं.

"एका फायलीपुरती समता? कोरेट्टा, तुम्ही विडी कंपनीच्या संपात होतात की आजारी होतात? सगळ्या यंत्राला!"

टीचरनी आपला विरोध नोंदवला, आणि शिस्त म्हणून पासवर्डही स्वतःच टाकला. टाळ्या पडल्या! मी जाऊन शेवटची ओळ जतन केली. झाली! मग मीही टाळ्या पिटल्या, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने टीचरनी प्रशासक म्हणून कसलीशी आज्ञा दिली, तर यंत्राने प्रशासकालाच हाकलून लावलं. पुन्हा शारजा.

"सगळ्या यंत्राला?" शैजा किंचाळली. "अहो बाबा, त्यात प्रशासकाला आत सोडणाऱ्या पहारेकऱ्याचीच बिल्ला-टोपी गेली! आता तो कुणालाच आत सोडू शकणार नाही. यंत्र नव्याने बसवेपर्यंत एकही परवानगी मागे घेता येणार नाही. आधी तुमचा लेख काढून घ्या!"

"लेख आता सर्वांचा आहे," माश म्हणाले. "ठरावाशिवाय बाहेर जाणार नाही."

आणि मग सर्वांनी आपला हक्क बजावला. मासळीवाला निघाला बालनच्या बायकोचा भाऊ. त्याने ते भांडण उडवलं. विडी चुलीत टाकणं हा विडी कामगारांचा अपमान, म्हणून माशांनी ते काढलं. शिव्यांच्या जागी त्यांनीच 'लढाऊ बाणा' घातला. टीचरनी साक्षरता वर्ग ठेवला आणि वर्गाच्या शिक्षिकेचं, म्हणजे स्वतःचं, नाव वाढवलं. मी सकाळी एक ओळ परत घालायचो, दुपारपर्यंत ती गायब!

"माशे, ती अशी नव्हती हो!"

"कोरेट्टा, तुम्ही फार जवळून बघता."

शेवटची ओळ जागेअभावी गेली.

स्मरणिका छापून आली. प्रकाशनाला मला पुढच्या रांगेत बसवलं, खांद्यावर शाल घातली. घरी येऊन मी तो लेख सावकाश, अक्षरावर बोट ठेवून वाचला. फारच थोर बाई होती हो! आवाज कधी चढवला नाही, गावासाठी झिजली, सगळ्यांना प्रिय होती.

माझी काही तिच्याशी ओळख नव्हती.