दोन बोटींचा पाहुणा

दोन वस्तू तंतोतंत सारख्या असल्या की त्यांतली एक निवडणे सोपे, कारण कुठलीही घेतली तरी चूक होत नाही, असे सिर्काचे म्हणणे होते. तिचा नवरा टाउनो याचे म्हणणे असे की, नेमक्या याच कारणाने ते अवघड. कारण कुठलीही घेतली तरी दुसरी का सोडली याचे उत्तर देता येत नाही. कुस्तावी गावच्या बोटींच्या धक्क्यावर गाडी उभी राहीपर्यंत हा वाद चालला आणि सिर्काने तो वादपटूला न शोभणाऱ्या मार्गाने संपवला.

“हे बघ, दोन वर्षं तू बोटी बघतोयस. पोरं मोठी होऊन घर सोडतील, तरी तू बघतच असशील. मी बाजार करून पाचला येते. तोवर एक बोट घे. नाहीतर जुलैचे चारही आठवडे ओस्मोकडे.”

“चारही?”

“चारही. त्याचा फोन आला होता. वाट बघतोय तुझी.”

ओस्मो हा टाउनोचा साडू. त्याने तळ्याकाठचे आपले लाकडी घर स्वतःच्या हातांनी बांधले होते, आणि ते कसे बांधले हे तो रोज संध्याकाळी सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, वरच्या फळीवर बसून, निखाऱ्यांवरच्या दगडांवर पाणी टाकत टाकत, पायापासून सांगत असे. गेल्या उन्हाळ्यात चार आठवडे सांगून तो खिडक्यांपर्यंत आला होता. छप्पर यंदासाठी राखून ठेवले होते.

धक्क्यावर दोन बोटी शेजारीशेजारी बांधलेल्या होत्या. एकाच कारखान्यातून, एकाच वसंतात, पाठोपाठच्या क्रमांकाने बाहेर पडलेल्या. दोहोंच्या केबिनमध्ये चौघांची झोपायची सोय, दोहोंना तेच इंजिन, आणि मालकांनी जाहिरातीत मागितलेली किंमतही तीच. एकीच्या अंगावर निळा पट्टा, दुसरीच्या हिरवा. टाउनोने बहात्तर मुद्द्यांचा तक्ता केला होता आणि साठ मुद्द्यांअंती दोघींचे गुण समसमान होते. हिरवीचा मालक एइनारी याने “बघा, बघा” एवढेच म्हणून त्याला मोकळे सोडले. निळीचा मालक कालेर्वो त्याहून अघळपघळ निघाला.

“बघा निवांत. मी कॉफी घेऊन येतो,” असे तो म्हणाला आणि धक्क्यावरच्या आपल्या खोपटाकडे गेला.

एकसष्टावा मुद्दा असा होता: ‘शौचकुपात उंच मनुष्यास दार लावून बसता येते काय?’ टाउनो सहा फूट दोन इंच उंच होता. त्याने निळीच्या संडासात शिरून दार लावले, झाकणावर बसला, गुडघे तिरपे केले आणि ‘येते’ असे लिहिले. उठून दाराची मूठ फिरवली, तर ती निघून हातात आली.

तेवढ्यात वर पावले वाजली. कालेर्वो आला होता; पण त्याच्यासोबत एइनारीही होता.

“तो तुझ्याकडे नाही?” कालेर्वोने विचारले.

“मला वाटलं तुझ्याकडेच आहे.”

“गेला वाटतं.”

“जातात लोक.”

या क्षणी दार ठोठावणे हेच शहाणपणाचे होते, हे टाउनोने नंतरही कधी नाकारले नाही. परंतु परक्याच्या बोटीतल्या संडासातून, हातात दाराची मूठ घेऊन, दोन अनोळखी माणसांसमोर प्रकट होण्यासाठी मनाची थोडी तयारी करावी लागते. त्याने तयारीला अर्धे मिनिट घेतले. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. त्या किनाऱ्यावर ती घरची मोठी सून आहे, तिच्यावाचून पान हलत नाही. त्या अर्ध्या मिनिटात दोघे टेबलाशी बसले, कॉफी ओतली गेली, आणि कालेर्वो म्हणाला,

“खरं सांगू? गेला ते बरंच झालं.”

आता मात्र बाहेर पडणे अशक्य झाले. हे वाक्य उच्चारले जाण्यापूर्वी जो प्रकटतो तो गिऱ्हाईक. नंतर प्रकटतो तो हेर.

“बरं झालं म्हणजे?” एइनारी म्हणाला. “विकायची नाही तुला?”

“विकायची आहे. पण मनातून नाही. गुडघे संपले रे माझे. एकट्याने चाक धरायचं की दोर घेऊन धक्क्यावर उडी मारायची? बायको म्हणते, मी आता पाण्यावर पाऊल टाकणार नाही.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. टाउनोने मिनिटे मोजली, चार झाली. त्या किनाऱ्यावर ही शांतता अवघडलेपणाची नव्हे, संभाषणाची खूण असते.

“माझंही तेच,” एइनारी म्हणाला. “आणि माझ्याकडे तर आता नको म्हणायलाही कोणी नाही.”

“माहीत आहे.” मग थोड्या वेळाने, “वेलचीचा पाव घे. तिने पाठवलाय.”

“एक सांगू? राग मानू नकोस. अकरा वर्षं मला तुझी बोट हवी होती.”

“माझी? लेका, तुझी आहे तशीच आहे ती!”

“नाही. तुझी शांत चालते. बाजूने जातोस तेव्हा आवाजसुद्धा येत नाही. माझी बघ, नुसती कानठळ्या बसवते.”

“अरे, मी अकरा वर्षं हेच म्हणतोय! तुझी शांत, माझी भणभण करते!”

आपल्या इंजिनावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे इंजिन ऐकूच येत नाही, हे साधे तर्कशास्त्र दाराआड टाउनोच्या ओठांपर्यंत आले. त्याने ते मोठ्या कष्टाने गिळले.

परंतु तिसऱ्या कपानंतर, कॉफीचा जो धर्म आहे त्यानुसार, कालेर्वो उठला. बाहेरून दार सहज उघडले. समोर टाउनो झाकणावर बसला होता. मांडीवर तक्ता, हातात मूठ.

“नमस्कार,” टाउनो म्हणाला.

“माफ करा,” कालेर्वो म्हणाला, आणि सभ्य माणसाने जे करावे तेच त्याने केले. दार पुन्हा लावून घेतले.

“काय रे?” एइनारीने विचारले.

“आत कोणीतरी आहे.”

“कोण?”

“गिऱ्हाईक.”

“अजून?”

बाहेर शांतता पसरली. या वेळची मात्र अवघडलेपणाचीच होती.

“सगळं ऐकलंत?” अखेर कालेर्वोने दाराला विचारले.

“सगळं नाही,” दारामागून टाउनो म्हणाला. तो तत्त्वाचा माणूस होता, म्हणून पुढे म्हणाला, “म्हणजे, सगळंच.”

“अरे देवा!”

“मूठ निघाली हो. दोन्ही बोटींत पहिल्यांदा फरक सापडला.”

“माझीही निघते,” एइनारी म्हणाला.

आश्चर्य असे की, एकमेकांची तोंडे दिसत नसल्यामुळे तिघांच्याही जिभा सैल झाल्या. टाउनोने इंजिनांचे तर्कशास्त्र सांगितले. दोघांनी ते मान्य करायला वेळ घेतला, पण केले. मग त्याने, स्वतःचे नुकसान होते आहे हे पुरते कळत असूनही, पुढचा मुद्दा मांडला. वाद अर्धवट सोडणे त्याच्या स्वभावात नव्हते.

“तुमच्यापैकी कोणालाच बोट विकायची नाही. तुम्हाला एकट्याने चालवायची नाही, एवढंच. एकाने चाक धरावं, दुसऱ्याने दोर. मग दोन बोटी कशाला? एक ठेवा.”

बोलून झाल्यावर त्याने डोळे मिटले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो आपणच, आणि आता दोघे मिळून दोन्ही बोटी ठेवणार, असे त्याला दिसू लागले. दाराच्या फळीवर त्याला ओस्मोचे छप्पर दिसले, कौलांसकट.

“एक ठेवायची,” कालेर्वो सावकाश म्हणाला. “म्हणजे एक उरते.”

“उरते,” एइनारी म्हणाला. “उरली ती याला देऊ. बाहेर काढ त्याला, हात मिळवायला हवा.”

दार उघडले. कोणते वाक्य आपल्याला वाचवून गेले, हे टाउनोला बाहेर येऊन पाय सरळ करीपर्यंत उमगले नव्हते. एक उरणार होती. आणि जी उरेल ती का घेतली, दुसरी का सोडली, हे त्याला जन्मात कोणी विचारू शकणार नव्हते. त्याने दोघांचे हात इतक्या जोराने दाबले की एइनारीने आपला हात तपासून पाहिला.

“मग ठेवू या तुझी,” कालेर्वो मित्राला म्हणाला.

“छे! तुझीच ठेवू.”

“तुझीला हिरवा पट्टा आहे. मला हिरवाच आवडतो.”

“आणि मला निळा. कधी विचारलंस?”

टाउनो त्यांना तिथेच सोडून धक्क्यावर गेला आणि उन्हात, फळ्यांवर पाय पसरून बसला. बरोबर पाच वाजता सिर्का हातात दोन पिशव्या घेऊन आली.

“ठरलं?”

“ठरलं. हात मिळवले.”

“खरं सांगतोस? कुठली?”

“उरलेली.”

“म्हणजे?”

टाउनोने थोडक्यात सांगितले. सिर्काने केबिनच्या खिडकीकडे पाहिले. आत आता आवाज चढले होते.

“अरे बाबा, ऐक! तुझीचं चाक हलकं आहे!”

“हलकं नाही, तुझे हात दणकट आहेत!”

एकाएकी कालेर्वोचे डोके खिडकीतून बाहेर आले. चेहरा लालबुंद झाला होता. “अहो गिऱ्हाईक! तुमचा एवढा अभ्यास. तुम्हीच सांगा ना, आम्ही कुठली ठेवू आणि तुम्हाला कुठली देऊ?”

“कुठलीही द्या हो,” टाउनो म्हणाला. “कुठलीही चालेल!”

सिर्काने दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.