साडेबारा किलोंचं भाषण

माझ्या यादीतून मुंगीसुद्धा निसटत नाही! कडेवरच्या बाळाला डॉक्टरकडे न्यायची तयारी जी बाई एकहाती करते, तिला सोन्या-चांदीत पैसे गुंतवणाऱ्यांची परिषद म्हणजे काय हो? बाळ झोपलंय, तोवर सांगून टाकते.

आमची कंपनी असले कार्यक्रम भरवून देते. बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेनंतरचा हा माझा पहिलाच कार्यक्रम. कंपनीच्या मालकीणबाई, आमच्या मॅडम, सकाळीच म्हणाल्या, "आज नीट पार पडलं, तर स्टेज कायम तुझ्याकडे. नाही पडलं, तर उद्यापासून खाली बसून फोन घ्यायचे."

कार्यक्रमाचा कळस मी असा बसवला होता. पाहुणे म्हणून बोलावलेले मंत्री स्टेजवर येणार, टेबलावरची खरीखुरी सोन्याची वीट दोन्ही हातांनी उचलणार, फोटो निघणार. टेबलामुळे मंत्री अर्धेच दिसतात, अशी फोटोग्राफरची कुरकुर, म्हणून टेबल लगेच मागे ओढणार. मग बँकेचे तिजोरीवाले काका येऊन वीट घेणार आणि भाषण सुरू. विम्याच्या कागदानुसार विटेला हात लावायची मुभा दोघांनाच, काकांना आणि मंत्र्यांना. तिसऱ्याचं बोट लागलं की विमा रद्द!

भाषणात दारं वाजायला नकोत, म्हणून दारवानालाही दम भरला होता. "मंत्री उभे राहिले की दार बंद. प्रत्यक्ष कुबेर आला तरी उघडायचं नाही!"

आदल्या दिवशी थर्माकोलच्या विटेवर सराव झाला. मंत्र्यांच्या वतीने त्यांच्या पीएंनी केला. वीट बोटावर नाचवत म्हणाले, "हे काय, काहीच नाही!"

तर मंत्री आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. ती वीट दिसायला टीव्हीच्या रिमोटची थोरली बहीण, पण वजन साडेबारा किलो! दुसऱ्या झटक्याला उचलली. कपाळावरची शीर अशी उगवली, की पहिल्या रांगेतल्यांनी पाय आखडून घेतले. पण चेहऱ्यावर हसू! फोटो झाले, टेबल गेलं. आता काका.

काका कुठायत?

माझा फोन थरथरला. "अहो, मी चष्मा धुवायला बाहेर आलो होतो. हा दारवान मला आत सोडेना!"

"त्याला द्या फोन! अरे, दार उघड त्यांना!"

"बाई, कुबेरालाही नाही म्हणालात. हे तर नुसते काका आहेत."

"मीच सांगतेय ना उघड!"

"कुलूप घातलंय. मोह नको म्हणून चावी मंत्रिसाहेबांच्या ड्रायव्हरला दिली. तो डिझेल भरायला गेलाय."

पीए कानाशी फिसकारले, "आता?"

"खाली ठेवायला सांगा ना, जमिनीवर."

"शुद्धीवर आहात का? सोन्यावर भरवसा ठेवा म्हणायला आलेल्या माणसाने पहिल्याच मिनिटाला सोनं पायाशी टाकायचं? पाचशे गुंतवणूकदार बसलेत, नऊ कॅमेरे आहेत! उद्या बाजार बसेल!"

"मग त्या भाषणाच्या उंच टेबलावर?"

"ते काचेचं आहे, तेही उतरतं. तुम्हीच मागवलंत! आणि मघाचं टेबल परत आणलं, तर साहेबांना वीट पेलली नाही, हे नऊ कॅमेऱ्यांत दिसेल!"

इकडे मंत्र्यांनी बोलायला सुरुवात केली. हात अडकलेले, त्यामुळे खिशातलं भाषण खिशातच. चौथ्या मिनिटाला कोपर थरथरायला लागलं. ती थरथर मी ओळखली! माझी रोजची आहे ती. मी पडद्याआडून अर्धी बाहेर आले आणि कंबर एका बाजूला काढून हात तिथे वळवून दाखवला.

"बाई, नाचताय काय?" पीए ओरडायचेच बाकी होते.

"गप्प बसा!" म्हणून मी पुन्हा कंबर काढली. मंत्र्यांची नजर माझ्यावर पडली. मी ओठांनीच म्हटलं, "कडेवर!"

आणि त्या माणसाने सोन्याची वीट कडेवर घेतली!

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. कडेवर वजन आलं की माणूस आपोआप डोलायला लागतो. मंत्रीही डोलू लागले. एरवी सभा गाजवणारा आवाज एकदम खाली आला, मऊ झाला. "सोन्याला घाई करू नका," ते म्हणाले. "रोज उठून किती वाढलं, किती वाढलं, असं मोजू नका. जवळ ठेवा. ते आपलं आपलं वाढत असतं."

पाचशे माणसं आणि चिटपाखरू हलेना! तेराव्या मिनिटाला त्यांनी बाजू बदलली, तीही इतक्या हलक्या हाताने, की झोपलेलं मूलही जागं झालं नसतं. मी यादी, नोकरी, मॅडम सगळं विसरून आ वासून उभी. सबंध बावीस मिनिटं! शेवटी सगळा हॉल उठून उभा राहिला. एक म्हातारे गुंतवणूकदार तर डोळे पुसत होते.

चावी आली, काका आले, वीट गेली. मंत्र्यांचा हात मात्र तसाच वाकलेला.

"ती कडेवरची बाई कुठाय?"

शेजारी मॅडम उभ्या. तरी मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, दार मीच बंद करायला लावलं होतं. चूक माझी."

मॅडमनी डोळे मिटले.

मंत्री म्हणाले, "घरी तुमचं केवढं आहे?"

"चौदा महिन्यांचं. अकरा किलो."

"आणि ते हलतं?"

"लाथा मारतं. केसही ओढतं."

ते स्वतःच्या वाकलेल्या हाताकडे बघत म्हणाले, "मला तीन मुलं. तिघांनाही मी फोटोपुरतंच उचललं हो." मग मॅडमकडे वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात चांदीवाल्यांची परिषद आहे. येईन मी, पण स्टेजवर ह्याच बाई हव्यात."

"ह्याच असणार, साहेब. आता कायमच्या!" मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

मी हवेत! तेवढ्यात तिजोरीवाले काका हळूच म्हणाले, "पोरी, चांदीची वीट पाहिली आहेस का कधी? एकतीस किलो!"

तेव्हापासून मी विचारात आहे. मंत्र्यांना शिकवायचं तर आधी मला सराव हवा. पण करू कुणावर? एक अकरा किलोंचं, आणि त्याचे बाबा ब्याऐंशी. मधल्या मापाचं आमच्या घरात कोणीच नाही हो!